आमचे साडू हॉटेलात उतरतात

आमचे साडू महिन्यातून एकदा लातूरला येतात आणि हॉटेलात उतरतात. आमचं घर लातुरातच आहे. हॉटेलापासून आमच्या दारापर्यंतचं अंतर मी स्कूटरच्या काट्यावर मोजलं आहे. किलोमीटरसुद्धा भरत नाही. घरात एक खोली रिकामी आहे, खोलीत पलंग आहे, पलंगावर धुतलेली चादर आहे. तरीही दिगंबरराव गोलाईतल्या, म्हणजे भर बाजारातल्या, हॉटेलात झोपतात आणि सकाळी आमच्याकडे चहाला येतात, इस्त्रीचा शर्ट घालून, मुलगी बघायला आल्यासारखे.

ज्यांना साडू नाही त्यांना यातला अपमान कळणार नाही. मेव्हणीचं घर गावात असताना माणूस हॉटेलात उतरला तर गल्ली दोनच अर्थ काढते: एक तर भांडण आहे, नाही तर घरात जेवायला घालत नाहीत. ही गोष्ट घडली ते दुष्काळाचं वर्ष होतं. लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं आणि आमच्या गल्लीत टँकर कधी येईल हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. त्यामुळे समोरच्या काकूंनी तिसरा अर्थ काढला. "पावन्याला आंघोळीला बादली द्यावी लागते, मनून तुम्हीच वाटंला लावलं असंल," असं त्या माझ्या बायकोला तोंडावर म्हणाल्या. सुनंदा दोन दिवस कुणाशी बोलली नाही. माझ्याशी तर नाहीच.

दिगंबरराव उदगीरचे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. सुनंदाची थोरली बहीण, आमच्या अक्का, त्यांची बायको. अक्का होत्या तेव्हा दोघं आमच्याकडेच उतरायची आणि दिगंबरराव रात्रभर आमच्या पंख्याच्या आवाजाबद्दल तक्रार करायचे. त्या दुष्काळाच्या तीन वर्षं आधी अक्का गेल्या. तेव्हापासून या गृहस्थांनी आमच्या घरी रात्र काढलेली नाही. सुनंदाचा हट्ट एवढाच, की दाजींनी एकदा तरी आपल्याकडे मुक्काम करावा. दर महिन्याला ती चादर धुते, पाणी नसलं तरी धुते, आणि दर महिन्याला दाजी हॉटेलातून फोन करतात, "पोचलो बरं का."

लातूरला ते कशासाठी येतात? जिल्ह्यासाठी, कलेक्टर कचेरीत निवेदन द्यायला. उदगीर जिल्हा व्हावा ही त्या भागातली जुनी मागणी आहे. बाकीचे लोक ती मागणी करतात. दिगंबररावांनी ती मंजूर करून टाकली आहे. "मी तालुक्याचा माणूस न्हाई, साडूभाऊ. होऊ घातलेल्या जिल्ह्याचा हाय," असं ते मला सांगतात. त्यांचा लाडका शब्द 'सध्या'. कुणी जिल्हा विचारला की म्हणतात, "सध्या लातूर." लातूरच्या कलेक्टरला ते 'सध्याचे कलेक्टर' म्हणतात. सुनंदा म्हणायची, "एक दिवस मलाबी म्हणतील, ही माझी सध्याची मेव्हणी."

नव्या जिल्ह्याच्या सीमा ते आमच्या बिस्किटांवर ठरवतात. चहाबरोबर बशी आली की तिच्यात मांडणी सुरू होते. हे उदगीर, हे अहमदपूर, हे जळकोट, इकडं देवणी. मग माझ्या बशीकडे बघून म्हणतात, "तुमची बशी म्हंजी नांदेड. त्यातलं लोहा आपल्याला पायजे." आणि माझं बिस्कीट उचलतात. लोह्याच्या लोकांना विचारलं का, असं मी एकदा म्हणालो. "इचारायचं काय त्यात? नांदेडकडं लई हायेत," म्हणाले, आणि लोहा चहात बुडवून खाऊन टाकलं.

मला आकड्यांची सवय आहे. आडत दुकानात उभा जन्म हिशेब लिहिण्यात गेला. म्हणून मी म्हणालो, "दिगंबरराव, लातूरला जिल्हा होऊन तीस वर्षं उलटली. पाणी रेल्वेनं येतंय. जिल्हा होऊन उदगीरचं काय भलं होणार?"

"तुमच्याकडं रेल्वेनं तरी येतंय," ते म्हणाले. "तालुक्याला कोन रेल्वे पाठवतंय, साडूभाऊ?"

मी माझ्या बशीतलं आणखी एक बिस्कीट त्यांच्या बशीत ठेवलं.

आता हॉटेलविषयी. त्याला साधं हॉटेल म्हटलेलं त्यांना चालत नाही. "हेरिटेज बुटीक हाय ते," असं त्यांनी प्रथम सांगितलं तेव्हा सुनंदानं मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, "बुटीकमधी तर बायकांचे ब्लाऊज शिवतात. दाजी तिथं झोपतात?"

ते मूळचं निजामाच्या काळातलं गल्ल्याचं, म्हणजे धान्याचं, दुकान. खाली पोत्यांची थप्पी लागायची, वर मुनीम झोपायचे. मालकाच्या नातवानं पुण्याला शिकून येऊन त्याचं हॉटेल केलं. भिंतीचा गिलावा खरवडून दगड उघडे पाडले, आणि या कामाला गिलावा करण्यापेक्षा जास्त दिवस लागले. स्वागतकक्षात काचेच्या चौकटीत एक गोणपाट लावलं आहे, त्यावर दिव्याचा झोत. तसली गोणपाटं आमच्या दुकानात मांजर निजायला घालतात. खोल्यांना नंबर नाहीत, नावं आहेत: ज्वारी, सरकी, करडई. आमचे साडू कायम करडईत उतरतात. बाहेर गोलाईचे सोळा रस्ते, बांगड्यांची दुकानं, मसाल्याचा खकाणा, गाडेवाल्यांच्या आरोळ्या, आणि आत पाहुण्यांना 'शांततेचा अनुभव' म्हणून कानात घालायला कापसाचे बोळे देतात. कापूस तेवढा अस्सल इथला.

दिगंबरराव तिथे पाहुणे कमी आणि वाटाडे जास्त. मला त्यांनी चार वेळा ती इमारत दाखवली आहे. "ह्या खांबाला हात लावा. सागवान हाय." मी हात लावायचो. "आता ह्याला लावा. ह्येबी सागवानच हाय." न्हाणीघरात चकचकीत शॉवर होता. त्याच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून खाली पाटी लावली होती: 'दुष्काळामुळे फक्त पाहण्यासाठी.' शेजारी बादली, बादलीत तांब्या. "शॉवर बगा," दिगंबरराव म्हणाले. मी म्हणालो, "बंद आहे." म्हणाले, "सध्या."

तर त्या उन्हाळ्यात एकदा ते आले. सुनंदानं त्यांच्यासाठी धपाटे केले होते, दही लावलं होतं. फोन आला, "पोचलो बरं का. करडईत हाय." तिनं फोन ठेवला, धपाटे डब्यात भरले आणि मला म्हणाली, "स्कूटर काढा."

आम्ही करडईत शिरलो तसे दिगंबरराव खुश झाले. "बरं झालं आलीस, सुनंदे. तू बघितलंच न्हाईस. हे कोनाडे बघ, ह्यात मुनीम लोक दिवे..."

"कोनाडे ऱ्हाऊ द्या," सुनंदा म्हणाली. ती उभीच होती. "दाजी, माझ्या घरात इंचू निघतात का?"

"आगं, तसं न्हाई. इथं कसं हाय, इतिहास..."

"इतिहास मला नका सांगू. माझ्या हातचं खात न्हाई, माझ्या घरात झोपत न्हाई. गल्ली मला कायबाय बोलायलीय. मी काय केलं ते सांगा, मग मी जाते."

दिगंबरराव पलंगावर बसले. हातानं चादरीची सुरकुती सारखी केली. मग सुनंदाऐवजी माझ्याकडे बघून बोलायला लागले. पुरुषाला ते सोपं जातं.

"साडूभाऊ, आपण साडू कशानं हाव?"

"दोघांनी दोन बहिणी केल्या म्हणून," मी म्हणालो.

"हाव. त्यातली माझ्याकडची गेली. मग आता नातं कुठून जोडायचं? वर्गात पोरांला सांगायचो, नदीला पाणी न्हाई तर तिची रेघ तुटक काढा. तसं हाय आपलं. चहापुरतं चालतंय. पर रात्री आंथरूण मागायचं, पानी मागायचं, पंख्याला नावं ठेवायची, ह्याला हक्क लागतो. तो तिचा होता. मी तिच्यामागं पिशवी धरून येत होतो." मग म्हणाले, "इथं कुनी इचारत न्हाई, कोन तुम्ही म्हनून."

मी हिशेबी माणूस. तीन वर्षं मी या गृहस्थांच्या हॉटेलची टिंगल केली, बिस्किटांची केली, पण ही बेरीज मला सुचली नव्हती.

सुनंदा मात्र रडली नाही. ती भडकली.

"आन् माझं काय?" ती म्हणाली. "आई गेली तवा मी रडले, पर माहेर गेलं असं न्हाई वाटलं. उदगीर होतं. अक्का गेली आन् तुम्ही हितं येऊन कोनाडे बगायलात. मला बोलवायचं कुनी? तीन वर्षांत एकदा तरी म्हनालात, सुनंदे, चार दिस उदगीरला ये? तुमचं नातं तुटलं तर माझंबी तुटलं की न्हाई? सांगा की!"



सुनंदा तरातरा जिना उतरली. मी तिच्यामागे. काउंटरवरच्या तरुणाला ती म्हणाली, "एक खोली द्या. आजच्यापुरती."

"कुठून आलात, मॅडम?"

"लातूर."

त्यानं आमच्याकडे नीट बघितलं. पन्नाशीची जोडी, सामान नाही, बाईच्या हातात ॲल्युमिनियमचा डबा. "सॉरी मॅडम. लोकल लोकांना रूम देत नाही. रूल आहे."

"का?"

तरुण लाजला. माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, तुम्हीच समजून घ्या." माझं लग्न होऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. माझ्यावर तसला संशय पहिल्यांदाच आला. खरं सांगतो, फार वाईट वाटलं नाही.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दिगंबरराव अनवाणीच खाली आले होते.

"खोली दे त्यांला," ते म्हणाले.

"काका, लोकल आयडी चालत नाही. तुमचे गेस्ट असतील तर देता येईल. पण मॅनेजर विचारतील, नातं काय?"

गोलाईतून कुणाचा तरी भोंगा वाजत होता. मी सुनंदाकडे बघितलं. ती डब्याच्या कडीशी चाळा करत होती.

"मेव्हणी हाय माझी," दिगंबरराव म्हणाले. मग काउंटरवर हात आपटून, वर्गात ओरडावं तसं म्हणाले, "सख्खी! आन् हे माझे साडू!"

आम्हाला सरकी मिळाली. दिगंबररावांनी चहा सांगितला, तो आला नाही म्हणून स्वतः खाली जाऊन आणला. त्यांच्या न्हाणीघरातली पाण्याची बादली उचलून आमच्याकडे आणून ठेवली. सुनंदाला खिडकीजवळची बाजू दिली. धपाटे खाताना म्हणाले, "मीठ कमी हाय." सुनंदाचा चेहरा असा उजळला की मीठ तिनं मुद्दाम कमी टाकलं होतं की काय, अशी मला शंका आली.

त्याच रात्री आमच्या गल्लीत टँकर आला. नऊ दिवसांनी आला आणि आमच्या दाराला कुलूप होतं. समोरच्या काकूंनी आमचे ड्रम बाहेर काढता येत नाहीत म्हणून स्वतःचे भरले आणि वर सांगितलं, "तुम्ही हवापालटाला गेला हुता म्हनं." ते पाणी मी अजून विसरलेलो नाही.

सकाळी निघायच्या वेळी दिगंबरराव खोलीत नव्हते. आम्ही अर्धा तास वाट बघितली. मी घड्याळ बघत होतो, सुनंदा रस्ता. शेवटी ते घामाघूम होऊन आले. काखेत कापडाच्या दुकानाची पिशवी. दुकान उघडायच्या आधीपासून बाहेर उभे होते, असं नंतर कळलं.

"बाई माहेराहून रिकामी जात न्हाई," ते म्हणाले. "तुला वाटंला लावताना अक्का कुंकू लावायची, अजून काय काय करायची. मला ते काय जमत न्हाई. पदर कर."

सुनंदानं पदर पसरला. त्यांनी पिशवीतून काढून त्यात ठेवलं, ते हिरव्या काठाचं नऊवारी लुगडं होतं. सुनंदा जन्मात कधी नऊवारी नेसलेली नाही. नऊवारी अक्का नेसायच्या. दिगंबररावांना दुकानात जाऊन तेवढंच मागता येत होतं.

सुनंदानं लुगड्यावरून हात फिरवला. "रंग चांगला हाय," म्हणाली, आणि वाकून त्यांच्या पाया पडली.

"येते, दाजी."

"ये," दिगंबरराव म्हणाले. "पंचमीला ये. मी न्यायला येतो."