परतीचा मुराळी

परतीची तारीख न ठरवता परदेशी जाणाऱ्या बाईला आपलं परतीचं विमान आधी माहेरी आणून ठेवावं लागतं, आणि अर्पिताचं माहेर मिरजेत दुसऱ्या मजल्यावर असल्यामुळे त्यासाठी सोसायटीची लेखी परवानगी काढावी लागली. सेक्रेटरींनी ती दिली. जिन्यात पंख पसरू नयेत, एवढी एकच अट घातली.

जायचं तिकीट मंगळवारचं होतं. तिचा नवरा सुयोग सहा महिन्यांपूर्वी पोलंडमध्ये ग्दान्स्कला जहाजांच्या कारखान्यात लागला होता आणि तिथं किती वर्षं राहायचं, हे त्याच्या कंपनीलाही ठाऊक नव्हतं. चौदा महिन्यांची जाई बापाला ओळखायची ती फोनच्या काचेवर, म्हणजे काच चाटायची. जाणं भाग होतं. जाण्याबद्दल अर्पिताच्या मनात काही शंका नव्हती. शंका होत्या त्या उरलेल्या सगळ्याबद्दल.

मुराळी नेमायच्या कचेरीतल्या मगदूमबाईंनी नियम समजावून सांगितला. मुराळी दोन लागतात, एक वरचा आणि एक खालचा. विमान तिला परदेशातून पुण्यापर्यंत आणणार आणि तिथून मिरजेपर्यंत खालचं वाहन. तोवर दोघंही अर्पिताच्या वडिलांकडे राहणार. वडिलांनी पाठवलं की निघणार.

"आणि मला यावंसं वाटलं तर मी बोलवायचं कसं?" अर्पितानं विचारलं.

"तुम्ही नाही बोलवायचं."

"म्हणजे?"

"लेकीला आणायला जो जातो तो माहेरनं पाठवलेला असतो. बोलावल्यावर येतो त्याला मुराळी म्हणत नाहीत, ताई. त्याला टॅक्सी म्हणतात."

अर्पितानं हे वहीत लिहून घेतलं. घाबरली की ती लिहून घ्यायची. वही आता भरत आली होती.

तिचे वडील भूपाल शिरगुप्पे, म्हणजे अप्पा, रेल्वेत बत्तीस वर्षं तिकीट तपासनीस होते. खालचा मुराळी म्हणून त्यांनी अर्थातच रेल्वेला विचारलं. रेल्वेनं कळवलं की ती कुणाच्या घरी राहत नाही, फार तर दोन मिनिटं उभी राहते. मग कोपऱ्यावरची वडाप जीप येऊन बसली. बोलायला मोकळी, खायला काहीही चालणारी. पण नऊ माणसं भरल्याशिवाय आपण कधीच सुटलेलो नाही, हे तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. म्हणजे ग्दान्स्कहून मिरजेला परत यावंसं वाटणारी आणखी सात माणसं अर्पितानं शोधायची, जाईला मांडीवर धरलं तर आठ. शेवटी स्टँडवरची एक रिक्षा तयार झाली. वाटेत साताऱ्याला चहा पाहिजे, बाकी काही म्हणणं नाही, म्हणाली. तिला जिन्याखाली जागा दिली.

विमानांचं जास्त अवघड गेलं. एक थेट विमान आलं होतं, पण ते मध्ये कुठंच थांबत नसल्यामुळे घरातही थांबलं नाही. पुढच्या दारानं आलं आणि गॅलरीतून गेलं. दोन उरली. एका थांब्याचं विमान तरुण होतं, बूट दाराबाहेर जोडीनं काढायचं आणि अप्पांना 'सर' म्हणायचं. दोन थांब्यांचं जुनं होतं. ते आल्या दिवशी खुर्चीत बसलं आणि अप्पांबरोबर टीव्हीवर कुस्त्या बघू लागलं, ते अजून बघतच होतं.

"दोन थांबे म्हणजे बाळाचे हाल," अर्पिता म्हणाली.

"पण बसतंय बघ कसं," अप्पा म्हणाले. "ह्याला कुठं जायची घाई नाही."

"अप्पा, न्यायला यायची तरी घाई पाहिजे की."

मग मुराळ्याच्या अर्जातला नववा रकाना आला. 'प्रवासी "मजेत आहे" म्हणाली असता ती खरोखर मजेत आहे किंवा नाही, हे कोण ओळखेल? एकच नाव लिहावे.' अर्पिता वाचेपर्यंत अप्पांनी तिथं शाईनं स्वतःचं नाव लिहून टाकलं होतं.

"हे खोडा, अप्पा."

"का?"

"तुम्हाला माझी कावीळ कळली नव्हती."

अर्पिता नववीत असताना आई गेली. पुढं कॉलेजला असताना तिला कावीळ झाली, तेव्हा सतरा दिवस ती होस्टेलवरून रोज 'मजेत आहे' म्हणत होती आणि अप्पा रोज 'बरं बरं' म्हणून फोन ठेवत होते. शेवटी रेक्टरबाईंनी पत्र पाठवलं. चूक कुणाची, हे अर्पितानं पुष्कळ वेळा ठरवून पाहिलं होतं, आणि निकाल दर वेळी तिच्याच विरुद्ध गेला होता. पण त्यामुळे सवय गेली नव्हती. तिकडे बर्फात, दार लावून, रडत्या पोरीला घेऊन बसली असतानाही ती 'मजेत' म्हणणार, आणि इकडे 'बरं बरं' होणार. जाईच्या लग्नापर्यंत असंच चालेल, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"कावीळ काय फोनवर पिवळी दिसती?" अप्पा म्हणाले. "बिनतिकीट माणूस मी चेहऱ्यावरनं ओळखायचो."

"फोनवर चेहरा नसतो."

अप्पांनी चष्मा पुसला आणि पुन्हा तोच पुसला.

विमानांपैकी कुणाला ओळखता आलं तर रकान्यात त्याचं नाव घालता येईल, असं मगदूमबाईंनी सांगितलं. पण त्यासाठी रीतसर चाचणी लागते. शनिवारी दहा वाजता त्या घरी आल्या. अर्पितानं जाईला कडेवर घेऊन चार मजल्यांच्या वर गच्चीत जायचं आणि एकेका विमानासाठी एकेक फोन खाली करायचा, असं ठरलं. गच्ची परदेश धरण्यात आली.

पहिला फोन लागला.

"काय गं, कशी आहेस?" अप्पांनी विचारलं.

"मजेत."

लगेच तरुण विमानाचा आवाज आला. "आवाज स्वच्छ आहे, सर. ताई मजेत आहेत."

मगदूमबाईंनी ते लिहून घेतलं. लिहिल्याचं फोनवर ऐकू आलं.

दुसऱ्या फोनला वेळ लागला. तेवढ्यात अर्पितानं पाण्याच्या टाक्या मोजल्या. आठ होत्या. मंगळवारला तीन दिवस होते. सामानाचं वजन दीड किलो जास्त भरत होतं आणि त्यातून काय काढायचं याची यादी तिनं चार वेळा केली होती. चारही याद्यांत शेवटी जाईचाच फ्रॉक निघत होता. जाईनं तिच्या केसात हात घातला.

"काय गं, कशी आहेस?"

"मजेत."

पलीकडे कुस्तीचा गोंगाट चालू होता. विमान काही बोललं नाही.

"बरं बरं," अप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

झालं. अर्पिता कठड्याला टेकून उभी राहिली. खाली स्टेशनकडं जाणारा रस्ता होता, त्यावर माणसं आपापली जात होती आणि संध्याकाळी परत येणार होती. तिनं वही काढली, पण लिहायला काही सुचलं नाही.

बऱ्याच वेळानं जिन्यात पावलं वाजली. दोन थांब्यांचं विमान धापा टाकत वर आलं. पंख अटीप्रमाणे मिटलेले होते. हातात कापडी पिशवी होती.

"चला," ते म्हणालं.

"तुला कळलं?" अर्पितानं विचारलं.

"मला नाही. माझं लक्ष कुस्तीत होतं. काकांनी पाठवलं."

"अप्पांनी? काय म्हणाले?"

"म्हणाले, जा, घेऊन ये तिला. आणि यायचंय का म्हणून विचारत बसू नको, ती नको म्हणेल."

अर्पितानं जाईला दुसऱ्या कडेवर घेतलं. आलेल्या मुराळ्याला एकट्यानं परत पाठवत नाहीत, म्हणून ती त्याच्या मागून उतरू लागली.

चौथ्या मजल्यावर विमान थांबलं. पहिला थांबा दोन तास चाळीस मिनिटांचा होता. मगदूमबाई खालून वर येऊन वेळ टिपून गेल्या. जाताना नववा रकाना आहे तसाच राहील म्हणाल्या आणि तरुण विमानाला बूट घालायला सांगितलंय, तेही कळवून गेल्या. चौथ्या मजल्यावरच्या पिरजादेवहिनींनी न विचारता सतरंजी टाकली. पिशवीत जाईची दुधाची बाटली होती.

तिसऱ्या मजल्यावरचा थांबा तीन तासांचा होता. तिथल्या पायरीवर अर्पिता भिंतीला टेकून बसली. विमान शेजारी डुलकी घेत होतं आणि जाई त्याच्या पंखावर झोपली होती. पावणेचार वाजता फोन वाजला.

"कुठं पोचलात?" अप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज फोनमधूनही येत होता आणि जिन्यातूनही.

"तिसऱ्यावर."

"बरी आहेस नव्हं?"

"भूक लागलीय," ती म्हणाली. "आणि मला जायची भीती वाटतेय, अप्पा."

"होय," अप्पा म्हणाले. "भात टाकतो."

विमान सुटायला अजून एक तास दहा मिनिटं होती.