खाली तांबडं, वर पांढरं

माझ्या रक्तात खोट निघणं शक्य नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वय बासष्ट, सकाळी मंगळवार पेठेतली तालीम, रविवारी मटण. खोट शिरणार कुठून?

पण मेहुण्याच्या पायात रक्ताची गुठळी झाली आणि आमची बायको क्रांती हटूनच बसली. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या. रक्तातली चरबी, सूज सांगणारं सीआरपी, गुठळीचा सुगावा देणारं डी-डायमर.

"रिपोर्ट वाईट आला तर रविवारचं मटण बंद," क्रांती म्हणाली.

"आन् चांगला आला तर?"

"तर मटणावरनं परत तोंड उघडणार न्हाय मी."

मग काय, मी कंबर कसली! रक्त कसं खळाळून वाहिलं पाहिजे, म्हणून पहाटे तालमीत तीनशे जोर मारले. तिथून दूध कट्ट्यावर गेलो आणि समोर पिळलेलं म्हशीचं दूध फेसासकट लिटरभर प्यायलो. उपाशीपोटी बोलावलं होतं, पण दुधाला खाणं कोण म्हणतं?

लॅबमध्ये तीन तासांनी नंबर लागला. रक्त काढून झाल्यावर तिथल्या झिशाननं थोड्या वेळानं नळी उजेडात धरली. खाली तांबडं, वर पांढरं. शेजारी फक्त भाकरी ठेवायची बाकी होती.

"काका, काय खाल्लंय तुम्ही?"

"काय न्हाय."

"खरं सांगा, परत घेऊ की."

"एकदा न्हाय म्हटलं म्हंजे न्हाय."

संध्याकाळी रिपोर्ट आला. चरबी आभाळाला भिडलेली, सीआरपी आणि डी-डायमर दोन्ही वाढलेले. डॉक्टरांनी छाती तपासली, पाय दाबून पाहिले. "उपाशीपोटी हे आकडे असतील, तर आजच गोळ्या सुरू. मटण कायमचं विसरा."

मी भांडणारच होतो. पण क्रांतीचे डोळे भरून आलेले दिसले आणि माझा ताठा उतरला. जोर, दूध, सगळं कबूल केलं.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "दुधानं चरबी वाढते आणि एवढ्या जोरांनी बाकीचे दोन्ही आकडे! आठवडाभर तालीम बंद. मग बारा तास पाण्याशिवाय काही नको, आणि परत या. वहिनी, गुठळी तुमच्या भावाला झालीय, तुम्हीही रक्त तपासून घ्या."

आठवड्यानं माझा रिपोर्ट आला तो लख्ख! मी तो पेठेत चार जणांना दाखवला.

क्रांतीचा मात्र वाईट आला. तिला गोळ्या लागल्या, मटण बंद झालं. "तुमच्यापुरतं करते की," ती म्हणाली.

मी साफ नकार दिला. आता दर रविवारी दुधी असतो. मला पहिल्यापासून दुधीच आवडतो, असं तिला ठणकावून सांगितलंय.