मोकळ्या खुंटीची हकिकत

गजाननास नमन, शारदेस नमन, आणि दप्तरातील वाळवीसही नमन, की कागद शेवटपर्यंत वाचणारी राज्यात तीच एक. शके सोळाशें एकूणनव्वद, सर्वजितनाम संवत्सर, ते साली एका राज्यात सात दालने कागदांनी भरली, आणि महाराजांचे मनात आले जे, राज्य खरे चालवितो कोण ते या कागदांतूनच काढावे. दिवाण मिशीत हसले. पंडितांनी बारा वर्षे मागितली. मग सुभानजी घोणसे म्हणोन कारकून, धुळीत बोटाने अक्षरे गिरवून आपले आपण शिकलेला, पुढे होऊन बोलिला, "एक महिना, एक भिंत, खुंट्या आणि सूत द्यावे." दिवाण म्हणाले, "निगुऱ्याचा भरवसा काय? उत्तर मर्जीस न आले तर उजवा हात कलम!" सुभानजी मनात म्हणाला, शिकविणारा एक मिळाला नाही, तोडणारे मात्र बहुत, आणि कबूल जाहला.

मग कागदात जे जे नाव आले त्याची एक खुंटी ठोकिली, आणि दोन नावे एका ओळीत आली की त्या दोन खुंट्यांस दोरा बांधिला, आणि महिना सरता भिंतीवर कोळियाचे घर जाहले. महाराज पाहावयास आले आणि म्हणाले, "दिवाणांस दोरे बहुत!" सुभानजी म्हणाला, "बहुत खरे, पण जातात कोठे ते पाहावे. मेहुणा, जावई, साडू, आणि साडूचा मेहुणा." आणि ती खुंटी उपटली, तो सोयरे तेवढे लोंबले, जाळे जागचे हलले नाही. मग मधली एक बारीक खुंटी उपटली, आणि जाळे फाटून दोन जाहले. "ही कोण?" "हौसा नावाडीण. धान्य, टपाल, फौज, जे जे नदी उतरते ते हिचेच होडीतून." मग महाराज हळूच म्हणाले, "आणि आमची?" रुपेरी खुंटी सर्वांत उंच, आणि दोरा एक नाही. सुभानजीचे जिभेस लगाम मुळातच नव्हता. "साहेबांचे नाव मानाने वर कोऱ्या जागी लिहितात, ओळीत घालीत नाहीत. तेणेकरून साहेबांनी कधी काही केले, ऐसी ओळच नाही."

"तोडा हात!" दिवाण गरजले. सुभानजीने हात पुढे केला. "तोडावा. विनंती इतकीच की, हुकुमात साहेबांचे नाव माझे नावाशेजारी, एका ओळीत लिहवावे. रुपेरी खुंटीस पहिला दोरा तरी लागेल. थोट्या हाताचा लागेल, पण लागेल."

महाराजांनी हाताने दिवाणांस थोपविले. मग पायीच नदीवर गेले, आणि मानाची जागा म्हणोन होडीचे टोकावर उंच बसले. हौसा खेकसली, "धनी, तिथं बसाल तर समद्यांस्नी बुडवाल. मधी सरका, आन् हे वल्हं धरा!" महाराज सरकले, आणि धरिले.

सारांश, सुभानजीचा हात शाबूत राहिला, आणि त्याच हाताने त्याने दप्तरी ओळ घातली: हौसा नावाडिणीचे होडीत महाराजांनी वल्हे मारिले. दोरा एक लागला. दिवाण सोयऱ्यांसह काठावरच राहिले.