जावईबापूंनी सांभाळलेलं मशीन

"यंत्राला कळतं हो आई, हात कुणाचा आहे ते!" असं म्हणून जावईबापूंनी बाह्या सरसावल्या आणि भांडी धुण्याच्या मशीनचा दरवाजा उघडला. सासूबाईंनी जोरजोरात मान डोलावली. हा माणूस खुर्चीतून उठला, यातच त्यांना सगळं मिळालं होतं!

जावईबापू म्हणजे नकाशे काढण्यात एकदम तरबेज माणूस. पण दोन महिन्यांपूर्वी त्यांचं ऑफिसच बंद पडलं आणि ते घरी बसले. बसले म्हणजे खरोखरच बसले, भिंतीकडे बघत. लेक सकाळी कामावर जायची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेकीकडे राहायला आलेल्या सासूबाई दिवसभर त्यांचा पडलेला चेहरा बघायच्या आणि त्यांचा जीव तीळतीळ तुटायचा. अशात एक दिवस जावईबापूंच्या हाती मशीनचं माहितीपुस्तक लागलं!

तीन दिवसांत त्यांनी ते तोंडपाठ केलं. मशीनचा उभा छेद आणि आडवा छेद काढून, बाण दाखवून, भिंतीवर चिकटवले. आणि आज प्रत्यक्ष सफाई! तळातली जाळी काढून धुतली. पाण्याचे फवारे मारणारा पंखा काढून त्याच्या प्रत्येक भोकातून दातकोरणी फिरवली. दरवाजाचं रबर जुन्या टूथब्रशने घासलं. मध्येच पाणी यायला नको म्हणून सिंकखालच्या कपाटातला मशीनचा छोटा नळ बंद केला, आणि तो उघडायला साफ विसरले. हे तुम्हाला कळलं, मला कळलं, पण त्या दिवशी त्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं.

जेवणं झाल्यावर त्यांनी भांडी लावली, ऐटीत बटण दाबलं आणि आत जाऊन पडले. पाच मिनिटांत त्यांचं घोरणं सुरू झालं आणि इकडे मशीन ओरडायला लागलं. टीं! टीं! टीं!

"मेलं!" सासूबाई गुडघा सांभाळत मशीनपाशी धावल्या. "पहिल्याच सफाईत मेलं!"

आता हे जावईबापूंना कळलं की ते पुन्हा खुर्चीत जाणार, आणि या वेळी उठतील याची खात्री कोण देणार? सासूबाईंनी मशीन बंद केलं, पदर खोचला आणि सगळी भांडी हाताने घासली. शेवटी त्यांवर कढत पाणी ओतलं, होती तशी मशीनमध्ये लावली आणि सोफ्यावर येऊन पेपर उघडला. पेपर उलटा होता, पण बघायला होतं कोण!

जावईबापूंनी मशीन उघडलं तर आतून वाफ आली! संध्याकाळी लेकीने पेला उजेडात धरून बघितला.

"अय्या, अगदी नवा वाटतोय!"

"हात लागतो, हात!" जावईबापू म्हणाले आणि त्या दिवशी दोनदा वाढून घेऊन जेवले. सासूबाईंनाही फार बरं वाटलं. चाळीस वर्षं भांडी घासली, पण त्यांचा पेला उजेडात धरून कुणी कधी बघितला नव्हता.

मग हे रोजचंच झालं. जावईबापू दर सोमवारी सफाई करायचे आणि रोज दुपारी मशीन टीं करायच्या आत सासूबाई हजर व्हायच्या. तिथवर ठीक होतं. पण कौतुक घरात राहीना! वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण आपलं करपलेलं पातेलं घेऊन आली.

"आमच्या मशीनने हात टेकले हो. तुमच्यात निघतंय का बघता?"

"ठेवून जा!" जावईबापू म्हणाले. सासूबाईंना घाम फुटला.

त्या दुपारी सासूबाई पातेल्याशी दीड तास झुंजल्या. डॉक्टरिणीने संध्याकाळी ते तिरकं धरून आतून नीट तपासलं आणि म्हणाली, "एकही डाग नाही!" दुसऱ्या दिवशी तीन घरांतून पाच पातेली आली. जावईबापू शेजाऱ्यांना छेद समजावून सांगत होते, हसत होते, चक्क शीळ घालत होते! आणि सासूबाईंची बोटं पाण्याने सुरकुतली होती. धन्य ती बाई! एका शब्दाने कुरकुरली नाही.

जावईबापूंचा उत्साह इतका वाढला की त्यांनी कौतुक करून घ्यायला कंपनीचा मेकॅनिकच बोलावला. मेकॅनिकने आत डोकं घातलं.

"साहेब, वीस वर्षांत असं मशीन बघितलं नाही. जाळीवर एक कण नाही!"

मग तो सिंकखालच्या कपाटात वाकला. नळ बंद! त्याने वळून बघितलं. जावईबापूंच्या पाठीमागे सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. मेकॅनिक मोठ्या मनाचा माणूस. त्याने नळ गुपचूप उघडला, "एक नंबर!" म्हणाला आणि निघून गेला.

मशीन मेलेलं नाही, नुसतं तहानलेलं होतं, हे सासूबाईंना तेव्हा कळलं. दुसऱ्या दुपारी त्या चक्क झोपल्या. आणि संध्याकाळी बोंब झाली! पेल्यांवर पांढरे ठिपके, पातेल्यांच्या बुडाला करपलेलं तसंच. डॉक्टरिणीने पातेलं तिरकं धरलं आणि नुसतंच "हं" म्हणाली.

जावईबापू जेवले नाहीत. "माझा हात गेला, आई," एवढंच म्हणाले आणि सकाळपासून पुन्हा खुर्चीत बसून भिंतीकडे बघू लागले.

दुपारी कशीबशी भांडी लावून, बटण दाबून ते आत जाऊन पडल्यावर सासूबाई नळ बंद करायला निघाल्या. बघतात तर कपाटात डोकं घालून कुणीतरी आधीच बसलेलं!

"अगं, तू? ऑफिस?"

"पोट दुखतंय म्हणून सांगून आले," लेक कुजबुजली. तिचा हात नळावर होता.

"उघडतेस की बंद करतेस?"

"बंद! आई, तुझ्या हातची भांडी मी लहानपणापासून बघतेय. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नळ बंद आहे हे मागाहून दिसलं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"यांचा चेहरा बघितलास ना? आणि तुझा तरी काय कमी खुलला होता?"

सासूबाईंनी लेकीच्या गालावरून हात फिरवला. पण पातेली सात होती! त्यांनी लेकीच्या हातात घासणी दिली, आणि दोघींनी मिळून निम्म्या वेळात सगळं लखलखीत केलं.

जावईबापूंनी आज लवकर उठून मशीन उघडलं, वाफ तोंडावर घेतली आणि तसेच धावत जिन्यात गेले.

"डॉक्टर, मशीन आलं हो ठिकाणावर!" त्यांचा आवाज तीन मजले घुमला. "आणि आता वेळही निम्माच लागतो! पाठवा, अजून दहा-बारा पातेली बिनधास्त पाठवा!"