चाळीस बाण उजवीकडे

साहेब, तुम्ही उभ्या आयुष्यात सायकलवर बसलेला नाहीत. बसला असतात तर माणसाला कधीकधी डावीकडेही वळावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक असतं. हा आरोप आहे. नाव घेत नाही, कारण खुर्चीवर आज तुम्ही आहात, उद्या दुसरा असेल, आणि बाण तेच राहतील.

झालं असं, की तुमच्या कार्यालयाने ‘सायकलवरून सरायखोरे’ नावाचा पर्यटन मार्ग काढला. सावद्याबाहेरच्या फाट्यावरून निघायचं, केळीच्या बागांमधून सातपुड्याच्या कुशीत शिरायचं. तिथे दगडी सराय आहे, बऱ्हाणपूरकडे जाणारे तांडे जिथे उतरायचे ती. तिच्यामागे पायऱ्यांची बारव. एकवीस किलोमीटर जायचं, एकवीस यायचं. वाटेवर दिशा दाखवणारे चाळीस बोर्ड. पत्रिकेवर उडत्या केसांच्या बाईचा सायकलवर फोटो. ती बाई खानदेशातली नव्हती, पण ते जाऊ द्या.

पत्रिका पिंप्राळ्यात नूर महंमद यांच्या सायकल दुकानात पोचली आणि त्यांची बायको रईसा हिच्या हातात पडली.

“तौफिकके अब्बा,” ती म्हणाली, “लग्नाच्या महिन्यात तुम्ही काय कबूल केलं होतं?”

नूर महंमदांच्या हातातला पाना थांबला. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी कबूल केलं होतं, की सरायखोऱ्यातल्या बारवेत हाक मारली की ती तीनदा परत येते, ते तुला सायकलवर नेऊन ऐकवतो. त्यानंतर दर सुट्टीला कोणाचं तरी चाक पंक्चर होऊन दारात उभं राहायचं.

“तू मागच्या कॅरिअरवर मावणार नाहीस आता,” ते म्हणाले.

“मग मावेल अशी सायकल करा. मिस्तरी कशाला झालात?”

त्यांनी केली. दूधवाल्याची एक काळी सायकल आणि कॉलेजच्या पोरीने टाकून दिलेली एक गुलाबी सायकल कापून, वेल्डिंग करून, दोन सीटांची, दोन पायडलजोड्यांची एक लांबलचक गाडी उभी राहिली. ब्रेक मात्र फक्त पुढे. “मागच्याने फक्त ताकद लावायची,” नूर महंमद म्हणाले. रईसा म्हणाली, “संसारातही तेच केलं.”

जानेवारीतल्या रविवारी सकाळी सात वाजता बासष्ट माणसं फाट्यावर जमली. प्रत्येकाला एक वही मिळाली. वहीत सहा चौकोन. वाटेत शिक्के मारून घ्यायचे, सहा शिक्के झाले की प्रमाणपत्र. शिट्टी वाजली. पहिला बोर्ड आला, बाण उजवीकडे. बरोबर होतं. दुसरा आला, बाण उजवीकडे. सगळे वळले.

सावद्याकडच्या केळीच्या बागा ज्याने पाहिल्यात त्याला सांगायला नको. दोन्ही बाजूंनी दोन माणसं उंच हिरव्या भिंती, मधून सरळ शिवरस्ता. डोंगर दिसत नाही, गाव दिसत नाही. बाण दाखवेल तीच दिशा. तिसरा बाण उजवीकडे. चौथाही.

चौथ्या बाणापुढे केळीच्या बांधाला झुंबरबाईंचं शेतघर. अंगणात माठ. शेजारी छत्रीखाली टेबल टाकून ज्योतीमॅडम शिक्का घेऊन बसलेल्या. तुमच्याच कार्यालयातल्या, साहेब. झुंबरबाईंनी सगळ्यांना पाणी दिलं, ज्योतीमॅडमनी शिक्का मारला, मंडळी खुशीत पुढे गेली.

अर्ध्या तासाने मंडळी पुन्हा आली.

“अरे बाप्पा!” झुंबरबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. “तुमी तर मघाशीच गेले होते ना!”

“त्या दुसऱ्या बाई असतील,” नूर महंमद पुढच्या सीटवरून म्हणाले. “इथे सगळे बाग सारखेच दिसतात.”

“बाग सारखे असतील,” मागून रईसा म्हणाली. “माठही तोच? कुत्राही तोच? एकाच कानाचा?”

“रईसा, सरकारी बोर्ड आहे. सरकारला आपल्यापेक्षा जास्त माहिती असते.”

“माझ्यासमोर सकाळपासून फक्त तुमची पाठ आहे. तरी मला कळतंय. तुम्हाला अख्खा रस्ता दिसतोय, तुम्हाला कळेना?”

ज्योतीमॅडमनी दुसरा शिक्का मारला. झुंबरबाईंनी केळी वाटली. मंडळी गेली, उजवीकडे.

तिसऱ्यांदा मंडळी आली तेव्हा झुंबरबाईंनी पाणीही विचारलं नाही. त्यांनी तुरीच्या काड्या पेटवून त्यात वांगी टाकली होती. “येऊन येऊन येनार कुठी,” त्या म्हणाल्या, “इथीच येनार. मंग उपाशी काहून?” हिरव्या वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा, कळण्याची भाकरी. डॉक्टर, वकील, दोन प्राध्यापक, सगळे बांधावर मांडी घालून बसले.

धुळ्याहून आलेले आधारभाऊ घास हातात धरून एकदम ओरडले, “अरे भो! बठ्ठा बाण एकच बाजूले शेतस!”

सगळे बाण एकाच बाजूला, हे आता कुठे बांधावरच्यांना उमगलं. मग सगळ्यांच्या माना हळूहळू एका कोपऱ्याकडे वळल्या. तिथे बोर्ड लावणारा वना आपली शिडी आडवी टाकून दुसरी भाकरी खात होता.

“माझ्याकडे नका बघू,” वना म्हणाला. “कार्यालयाने नमुना मंजूर केला उजव्या बाणाचा. आदेशात लिहिलं, सगळे बोर्ड मंजूर नमुन्याप्रमाणे एकसारखे पाहिजेत. चाळीसच्या चाळीस तसेच आले.”

“मग डावीकडचा उलटा लावायचा ना, बाबा!”

“लावला. बाण डावीकडे झाला, पण अक्षरं डोक्यावर उभी राहिली. साहेबांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, कार्यालयाची बदनामी होते, सरळ कर. मी सरळ केला.”

वाचा, साहेब. तुमच्या कार्यालयाची अक्षरं सरळ राहावीत म्हणून बासष्ट माणसं गोल फिरली.

आता शहाणपण असं, की सगळ्यांनी डावीकडे वळावं. पण आधारभाऊंनी वही उघडून मोजलं. एक चक्कर सात किलोमीटरची. सहा चकरा म्हणजे बेचाळीस. सहा चकरांचे सहा शिक्के. हिशेब तंतोतंत.

“शिक्का तं भेटसच,” ते म्हणाले. “आनि भरीतबी. मंग डावीकडे कसाले जावानं?”

नूर महंमदांनी ज्योतीमॅडमना विचारलं, “मॅडम, पण खोरं?”

“जी वही समोर येईल तिच्यावर शिक्का,” त्या म्हणाल्या. “खोरं आलं का, हे विचारायचं आदेशात नाही.”

बासष्टांतले साठ जण हात पुसून उठले आणि उजवीकडे गेले. नूर महंमदांनीही सवयीने हँडल उजवीकडे वळवलं. गाडी हलेना. मागे वळून पाहतात तर रईसा खाली उतरून, कमरेला पदर खोचून उभी.

“मी डावीकडे चालले,” ती म्हणाली. “पायी.”

“आपल्याला शिक्का मिळणार नाही, रईसा.”

“एकतीस वर्षं शिक्क्यावाचून काढली ना?” आणि ती खरंच चालू लागली. झुंबरबाईंनी धावत जाऊन तिच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी दिली. “जाय माय,” त्या म्हणाल्या, “अन् आमची बी एक हाक मार.”

नूर महंमदांनी सरकारी बोर्डाकडे पाहिलं, बायकोच्या पाठीकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा पाठ पाहायची पाळी त्यांच्यावर आली होती. त्यांनी हँडल डावीकडे वळवलं.

तीन तास लागले. चढावर दोनदा चेन पडली, एकदा दोघं पडले. पण केळीच्या भिंती संपल्या आणि डोंगर असा समोर आला, की नूर महंमद पायडल मारायचं विसरले. सरायीसमोर मांडव होता, रिकाम्या खुर्च्या होत्या, सुकलेले हार होते, आणि राखणदार जीवराम एका सोफ्यावर झोपला होता. तो दचकून उठला. “पाहुणे कंटाळून गेले,” तो म्हणाला. “तुम्ही पहिले.” मग रस्त्याकडे बघून म्हणाला, “आणि शेवटचे बहुतेक.” त्याने नोंदवहीत दोघांची नावं आणि वेळ लिहिली. बारा वाजून चाळीस मिनिटं.

रईसा बारवेत उतरली. पायऱ्या मोजत उतरली. शेवटच्या पायरीवर उभं राहून तिने वर बघितलं. नूर महंमदांना वाटलं, आता ही काहीतरी नाजूक बोलणार. ती खच्चून ओरडली:

“तौफिकके अब्बा, पायडल माराऽ!”

“माराऽ... माराऽ... माराऽ...” बारव म्हणाली.

नूर महंमद कठड्याला धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग तिने झुंबरबाईंच्या नावाची हाक मारली. तीही तीनदा परत आली. एकही शिक्का लागला नाही.

महिन्याभराने साठ जणांना घरपोच प्रमाणपत्रं आली: सरायखोरे मार्ग यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल. पिंप्राळ्याच्या दुकानात मात्र पत्र आलं. नूर महंमदांनी ते चष्मा लावून वाचलं. ‘आपण कार्यालयाने निश्चित केलेल्या दिशेचे पालन न करता थेट सरायखोरे येथे पोहोचल्याचे नोंदवहीवरून निदर्शनास आले आहे. सबब आपणांस व आपल्या पत्नीस अपात्र ठरविण्यात येत आहे.’

नूर महंमदांचा चेहरा उतरला. आयुष्यभर नियमाने वागलेला माणूस. रईसाने पत्र ओढून घेतलं, दोनदा वाचलं आणि चौकटीत बसवायला काचवाल्याकडे पाठवलं.

“अगं, अपात्र केलंय आपल्याला!”

“त्या साठ जणांकडे खोऱ्यात गेल्याचा काही पुरावा आहे?” ती म्हणाली. “आपल्याकडे सही-शिक्क्यानिशी आहे.”

आज ती चौकट दुकानात, हवेच्या पंपाच्या वर टांगलेली आहे. आधारभाऊ मुद्दाम धुळ्याहून ती पाहायला आले. मग हळूच म्हणाले, “वहिनी, ती बारवले पायऱ्या कितल्या शेतस?”

रईसा हसली. तिने सांगितलं नाही. म्हणून मीही इथे लिहीत नाही.

तुम्हीच सांगा, साहेब. साठ जणांच्या प्रमाणपत्रांवर तुमची सही आहे. त्यांतल्या कोणालाही विचारा, कार्यालयातल्या कोणालाही विचारा, हवं तर स्वतः जाऊन मोजा. जाताना दुसऱ्या बोर्डापाशी डावीकडे वळा. बारवेला पायऱ्या किती? लेखी उत्तर द्या.