फरार पुरणयंत्राचा तपास

दुर्ग ते रायपूर या पट्ट्यात माझ्या तोडीचा गुप्तहेर दुसरा नाही. असलाच तर तो माझ्याहूनही गुप्त असला पाहिजे, कारण आजवर कोणाला दिसलेला नाही. माझं नाव शामसुंदर वैरागडे. नोकरी केली ती भिलाईच्या प्लांटमध्ये, टाइम ऑफिसात. लोक कामावर का आले नाहीत याची कारणं ऐकायची आणि खरी-खोटी निवडायची, हे माझं काम. माणूस पारखण्याची कला तिथेच अंगी बाणली. एका फिटरची आजी माझ्या कारकिर्दीत अनेकदा वारली आणि दर वेळी त्याचं दुःख अस्सल आहे हे मी एका नजरेत ओळखलं.

माझ्या नजरेबद्दल माझी पत्नी रमा हिचं मत वेगळं आहे. "तुमाले फ्रिजमदलं दही दिसत नाही, तं चोर कुठून दिसन?" असं ती म्हणते. पण दही हा गुन्हा नव्हे, हे तिला कोण सांगणार?

माझे सहायक गुलाबराव. रेल्वेत गार्ड होते, आता समोरच्या घरात राहतात. आपण माझे सहायक आहोत हे त्यांना अजून माहीत नाही. आपण चहाला येतो अशी त्यांची समजूत आहे.

सध्या माझा खास विषय म्हणजे ऑनलाइन लबाडी. बेभरवशाचा दुकानदार कसा टाळावा यावर मी आमच्या जुनवानीच्या कॉलनीत व्याख्यानसुद्धा दिलं. त्याच्या तयारीसाठी एक भिंग मागवलं होतं. दुकानदार फार सज्जन निघाला. म्हणाला, ॲपवरून कशाला घेता, मी लिंक पाठवतो, तिच्यावर पैसे टाका. इतका आपलेपणा आजकाल कोण दाखवतं? भिंग आलं ते शर्टाच्या बटणाएवढं. फोटोत चांगलं पुरीएवढं दिसत होतं. रमाचं म्हणणं, फोटो भिंगातून काढला असेल. त्या दुकानदाराचा फोन तेव्हापासून बंद आहे. बिचाऱ्याची तब्येत बरी नसावी.

तर प्रकरण असं. शेजारच्या हिरावहिनी वर्ध्याकडच्या, लग्न होऊन भिलाईला आल्या त्याला जन्म लोटला. राहतात वरच्या मजल्यावर. खालचे भाडेकरू गावी गेलेले. गुडघ्यांमुळे वहिनी जिना उतरत नाहीत, गॅलरीतूनच कारभार चालवतात. महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या, आणि नेमकी त्यांच्या जुन्या पुरणयंत्राची जाळी मोडली. भिलाईच्या बाजारात पुरणयंत्र मागितलं की दुकानदार शेवेचा साचा दाखवतो, फार तर ज्यूसर. तेव्हा नवी सून ऐश्वर्या म्हणाली, "आई, मी फोनवर मागवते."

ऐश्वर्या राजनांदगावच्या साहूंची मुलगी. सुजयनं, म्हणजे वहिनींच्या मुलानं, स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. पोरगी गुणाची. मराठी शिकतेय, पण शब्द असे जपून टाकते की जणू फरशी ओली आहे. या घरात तिनं आपणहून सुचवलेली ही पहिलीच गोष्ट. वहिनींनी मान्य केली, पण सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं बजावूनही ठेवलं होतं, "नाही आलं तं पाटा-वरवंटा तुह्या हाती देईन."

डबा आला. ऐश्वर्या बाजारातून परतली तेव्हा तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर होता. तिनं वर नेला, उघडला. आत काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. खरं तर साखर मागायला रमाला बोलावलं होतं, पण मी गेलो. तपासाला जाताना मी हेल्मेट घालतो, घर शेजारचं असलं तरी. गुन्हेगार वरून काय टाकील याचा नेम नसतो. जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक मोडका कूलर होता, त्याच्यावर बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काहीतरी अडगळ. हेल्मेट तिच्यावर ठेवलं आणि वर गेलो. गुलाबराव मागून आलेच. त्यांना चहाचा वास रेल्वे फाटकापलीकडून येतो.

"भाऊजी, फसवलं हो मले," हिरावहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "उद्या सोळा सवाष्णी जेवाले येऊन राहिल्या. मनगटात जोर नाही राहिला. इतक्या वर्सांत माह्या घरच्या महालक्ष्म्या पुरणाबिगर नाही जेवल्या."

ऐश्वर्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती.

"वहिनी, काळजी सोडा," मी म्हणालो. "दुकानदाराचं नाव?"

"माहेर गृहवस्तू भांडार," ऐश्वर्या म्हणाली. "अमरावती."

मी डोळे मिटले. "इथेच उलगडा झाला. माहेरची वस्तू सासरी टिकत नसते. नावातच इशारा होता."

"माही तं टिकून राहिली तीस वर्सं," वहिनी म्हणाल्या. "पितळी घागर."

हा पुरावा मी बाजूला ठेवला. ऐश्वर्यानं फोनवर दुकानाचं पान काढून दिलं. ग्राहकांचे अभिप्राय होते. कोणी लिहिलं होतं 'छान', कोणी 'खूप छान', एकानं 'छान आहे, दांडा जरा कडक'. मी बटणाएवढं भिंग डोळ्याला लावून सगळे वाचले, म्हणजे 'छा' पर्यंत वाचले, कारण भिंगात तेवढंच मावत होतं.

"सगळे छान! एकाच माणसाचं काम. हा दुकानदार रात्रंदिवस बसून निरनिराळ्या नावांनी स्वतःची स्तुती लिहितो."

"छान नाही तं का लिवन बावा मानूस?" गुलाबराव म्हणाले. "आमी रेल्वेत सिग्नल मिळाला की 'ओके' म्हणत होतो. सगळेच म्हणत. म्हणून का एकच गार्ड होता?"

"काकाजी," ऐश्वर्या हळूच म्हणाली, "मी पहिले सगळ्यात खराब वाले रिव्ह्यू वाचले. कोणी नाही लिहिलं की सामान आलं नाही. मग दुकानदाराला ॲपवरच सवाल विचारला, की याची जाळी बदलून मिळते का. त्यानं जवाब पण दिला. पैसे पण ॲपच्या बाहेर नाही दिले. वापसी पण लिहिलेली आहे."

पोरीचं ज्ञान बेताचंच, पण मी तिला नाउमेद केलं नाही. "बेटा, सवालाला जवाब देतो तोच खरा लबाड. सज्जन दुकानदार गप्प असतो. माझाच बघ, महिन्याभरात एक अक्षर बोललेला नाही."

रमा तेवढ्यात साखर घेऊन आली होती. तिनं वाटी टेबलावर जरा जोरात ठेवली.

मग मी डब्याची तपासणी केली. वरची चिकटपट्टी मधोमध सरळ कापलेली होती, ऐश्वर्याच्या हाती डबा आला तेव्हाच तशी. "बघा! दुकानदारानं आधीच कापून पाठवली. म्हणजे वाटावं, की कोणीतरी उघडला."

"मंग कोणीतरी उघडलाच असन," गुलाबराव म्हणाले.

"तेच तर त्याला वाटायला हवं होतं! तुम्ही जाळ्यात अडकलात, गुलाबराव."

गुलाबराव चहात बिस्कीट बुडवायला गेले आणि ते आत पडलं. बराच वेळ ते त्याच तपासात होते.

"डबा कोणी आणला होता?" मी विचारलं.

"चंपतभैया," ऐश्वर्या म्हणाली. "आपल्या गल्लीत तेच आणतात."

मी ताडकन उठलो. "चंपत! आणि हे तुम्ही मला आत्ता सांगता? अहो, माणूस जन्मतःच फरार! नाव नव्हे, कबुलीजबाब आहे तो. दुकानदार आणि चंपत, दोघे मिळालेले आहेत. पुरणयंत्रांची टोळी आहे ही. छत्तीसगढातून माल जमवायचा आणि विदर्भात विकायचा."

"पन माल तं विदर्भातूनच आला ना?" रमा म्हणाली.

"म्हणूनच कोणाला संशय येत नाही."

वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या, "मीच चुकली. तुह्या फोनच्या भरवशावर राहिली. आता यापुढं घरात काय आणाचं, काय नाही, ते मीच पाहीन. तू नको पडू त्याच्यात."

ऐश्वर्याची मान खाली गेली. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. पण गुप्तहेरानं भावनेच्या आहारी जायचं नसतं. मी वहिनींचा फोन घेतला आणि दुकानाच्या पानावर अभिप्राय लिहायला बसलो. एक तारा, तोही नाइलाज म्हणून. खाली लिहिलं: 'सावधान! आंतरराज्य टोळी! माहेर नव्हे, कारागृह!' मजकूर जमून येईना, म्हणून जरा खाली जाऊन मोकळ्या हवेत विचार केला. कूलरजवळ उभं राहून प्लास्टिकचे बुडबुडे एकेक करून फोडले. फट्, फट्. विचाराला त्यानं चांगली चालना मिळते. परत वर येऊन 'कारागृहा'पुढे अजून दोन उद्गारचिन्हं घातली.

"काकाजी, भेजू नका," ऐश्वर्या म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "छोटा दुकानदार आहे. एक तारा लागला तर त्याचं नुकसान होईल. एक फोन करू द्या."

"कोणाला?"

"चंपतभैयाला."

मी हसलो. चोराला कधी कोणी फोन करून विचारतं का, माल कुठे ठेवलास म्हणून? तीस वर्षं टाइम ऑफिसात असताना मी कोणाला फोन करून विचारलं नाही, की बाबा, आजी खरंच वारली का. पण आजकालच्या पोरांना पद्धत माहीत नाही. तिनं ॲपवरून फोन लावला, स्पीकर चालू केला आणि तिच्या छत्तीसगढीत सरळ विचारलं. एरवी मराठीत चाचपडणारी पोरगी अशी भरभर बोलली, की वहिनीही तिच्याकडे बघत राहिल्या.

"भइया, काल जुनवानी म जेन डब्बा दे रेहेव, ओमा तो कुछु नइ हे!"

"हव दीदी, नइ रही," पलीकडून चंपत अगदी निवांत म्हणाला. "दाई ह ऊपर ले चिल्ला के कहिस, डब्बा ल खाली रख दे. मैं पूछेंव घलो, खाली? कहिस, हव हव, खाली. त मैं डब्बा ल खाली कर देंव. समान ल ओ कूलर ऊपर मढ़ा दे हँव. नइ मिलिस का?"

ऐश्वर्यानं फोन ठेवला. सासूकडे बघितलं.

"आई, तुम्ही त्यांना काय बोलल्या होत्या?"

"का बोलन?" वहिनी म्हणाल्या. "चांगलं हिंदीत बोलली. 'डब्बा खाली रख दे.' तो म्हणे, खाली? मी म्हटलं, हाव रे बाबा, खालीच. वर कावून आणतं, मी पोरीले सांगतो म्हटलं."

हिरावहिनी हिंदी बोलतात तेव्हा क्रियापद तेवढं हिंदी असतं, बाकी सगळं वर्ध्याचं.

"आई," ऐश्वर्या म्हणाली, "हिंदीत खाली म्हणजे रिकामा."

"अवो माय!" वहिनींनी कपाळाला हात लावला. "मंग खाली ठेवाले का म्हणते?"

"नीचे."

"इतक्या वर्सांत कोणी सांगतलं नाही मले! मी दूधवाल्याले रोज म्हणतो, पातेलं खाली रख दे. म्हणून तो रोज रिकामं ठेवून जाते का रे बाप्पा, अन् मी त्याले भांडून राहिली!"

रमा तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. गुलाबरावांना ठसका लागला. मी मात्र कामाला लागलो होतो. "कूलरवर म्हणतो का? अशक्य. तो कोपरा मी सकाळपासून दोनदा तपासला. कूलरवर फक्त माझं हेल्मेट आहे."

ऐश्वर्या माझ्याकडे बघत होती. मग ती धावतच जिना उतरली आणि वर आली ती एका हातात माझं हेल्मेट आणि कुशीत प्लास्टिकात गुंडाळलेलं पुरणयंत्र घेऊन. पितळेचं, तीन पायांचं, लखलखीत. प्लास्टिकचे बरेच बुडबुडे फुटलेले होते. याचा खुलासा मी त्या वेळी केला नाही.

"माझा अंदाज बरोबर होता," मी म्हणालो. "डबा उघडला होता. मी पहिल्यापासून म्हणत होतो."

"मी म्हणत होतो," गुलाबराव म्हणाले.

"सहायकाचं श्रेय मी कधी नाकारत नाही."

"कोनाचा सहायक?"

हा विषय मी वाढवला नाही. अभिप्राय पुसून टाकला आणि ऐश्वर्याच्या सांगण्यावरून पाच तारे दिले. मजकुरात काय लिहावं सुचेना, तेव्हा 'छान' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण. वहिनींचं घर माणसांनी भरून गेलं. पुरण ऐश्वर्यानं वाटलं, पदर खोचून, दांडा फिरवत, आणि असं मऊ पडलं की वहिनींनी चिमूटभर चाखून नुसती मान हलवली. पोळ्या पानात पडल्या तशी एक सवाष्ण म्हणाली, "हिराताई, यंदा पुरण लोण्यासारखं झालं हो. यंत्र नवं घेतलं वाटते?"

हिरावहिनी तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या. पंगत जराशी थांबली. ऐश्वर्याही वाढता वाढता थांबली.

"माह्या सुनेनं शोधलं," वहिनी मोठ्यानं म्हणाल्या. "दोनदा शोधलं. एकदा फोनवर, एकदा या भाऊजींच्या हेल्मेटखाली. आता माह्या घरात काय आणाचं, ते तिलेच विचारत जा. मले नका विचारू."

बायका हसल्या. ऐश्वर्यानं पोळ्यांचं ताट तिथेच ठेवलं आणि घाईनं स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा डोळे लाल, पापण्या ओल्या. मी लगेच ताडलं आणि शेजारी वाढत असलेल्या रमाला हळूच म्हणालो, "वेलची कुटताना डोळ्यात गेली पोरीच्या."

रमानं माझ्याकडे बघितलं, पानात आणखी एक पोळी वाढली, तिच्यावर तूप सोडलं.

"हाव," ती म्हणाली. "वेलचीच गेली. तुमी जेवा."