मन्मथअप्पांची सोळा एमबी

आपल्या कॉम्प्युटरची मेमरी वाढवावी की नाही, हा सल्ला मन्मथअप्पांनी घाटनांदुरात कुणाला विचारायचा ठेवला नव्हता. एसटीचा कंडक्टर, पोस्टमन, म्हशी घेऊन रानात निघालेले गोविंदमामा, जो दिसेल त्याला ते आपल्या किराणा दुकानाच्या पायरीवर थांबवायचे. "सोळा एमबी हाय. चौसष्ट करावी का? विंडोज बी पंच्याण्णवचं हाय, आता अठ्ठ्याण्णवचं निगालंय म्हणतेत." गोविंदमामांनी बराच विचार करून सांगितलं, "करा की अप्पा. गोठा ऐसपैस असला की जनावर सुखात ऱ्हातं." अप्पांनी गंभीरपणे मान डोलावली आणि म्हणाले, "खरंय. पर घाई कावून?"

हे "घाई कावून" फक्त त्या मेमरीपुरतंच. एरवी नवी वस्तू निघाली की या माणसाला दम म्हणून नव्हता. गावात बटणांचा फोन पहिला त्यांच्याकडे आला. आकडे दाखवणारा वजनकाटाही पहिला त्यांचाच. गिऱ्हाइकांचा त्या काट्यावर विश्वास बसेना, तेव्हा अप्पांनी आठवडाभर प्रत्येकाच्या हाताचं वजन करून दाखवलं. मुलगी कॉलेजात जाते म्हणून कॉम्प्युटर आणला. मुलगी लग्न होऊन सोलापूरला गेली आणि कॉम्प्युटर अप्पांना उरला.

तो त्यांनी देवघराशेजारच्या खोलीत ठेवला होता. चपला बाहेर, पाय धुऊन आत यायचं. महानंदाकाकूंच्या, म्हणजे अप्पांच्या बायकोच्या, जुन्या इरकल लुगड्याचं त्यावर आच्छादन. सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपली की मॉनिटरच्या कपाळावरही विभूतीची तीन बोटं उमटायची. मी एकदा म्हणालो, "अप्पा, आत राख गेली तर बिघडेल बरं का." तर माझ्याकडे दयेने बघून म्हणाले, "सर, विभूतीनं आजवर कुनाचं बिगडलंय?"

मी तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचो आणि अप्पांच्या शेजारी भाड्याने राहायचो. उन्हाळ्याच्या सुट्टीत लातूरला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्यामुळे गावात या यंत्राचा वैद्य मीच. आणि वैद्य म्हणून मला ते यंत्र बघवत नसे. बटण दाबल्यापासून चालू व्हायला बारा मिनिटं. मधे वीज जाऊन ते अचानक बंद पडलेलं असलं, की स्वतःचीच तपासणी करत वीस मिनिटं.

आता अप्पांच्या थोरल्या भावाबद्दल सांगायला हवं. शिवलिंगदादांचं कापडाचं दुकान अप्पांच्या दुकानाला लागूनच. वडिलांमागे दुकान वाटून घेताना मधली भिंत एक वीत इकडे की एक वीत तिकडे, यावरून दोघांत जुंपली. भिंत उभी राहिली आणि बोलणं बंद झालं. नऊ वर्षं दोघं भिंतीच्या दोन बाजूंनी एकमेकांचा खोकला ऐकत गल्ल्यावर बसले होते.

मग दादांचा मुलगा उमेश नोकरीला अमेरिकेत गेला. तिकडून फोन करणं परवडेना, म्हणून त्याने काकांच्या पत्त्यावर ई-मेल धाडला. अप्पा धावतपळत माझ्याकडे आले. "सर, पलीकडं जाऊन सांगा, लेकराचं पत्र आलंय मशीनमदी."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊला दादा यायचे. पाय धुवायचे, खुर्चीच्या कडेवर टेकायचे. अप्पा बटण दाबायचे आणि दोघं त्या काळ्या पडद्याकडे टक लावून बसायचे. मधे मी. दादा मला म्हणायचे, "सर, लई वेळ लावतंय." अप्पा मला म्हणायचे, "सर, त्यांना सांगा, जुनं हाय ते." तीन हातांवर बसलेल्या माणसांचे निरोप पोचवता पोचवता माझी मान दुखायची.

एका रविवारी मी परीक्षेच्या कामाला अंबाजोगाईला गेलो होतो. निरोप्या नव्हता, मग त्या दिवशी काय झालं कोण जाणे. पण पुढच्या खेपेला बघतो तर दोघं थेट बोलत होते. यंदा तूर बरी हाय. कपिलधारच्या यात्रेला वडील खांद्यावर घेऊन गेलते. असलं काहीबाही. काकू चुरमुरे भिजवून सुशीला करायच्या, तोवर चहा व्हायचा. उमेशच्या चार ओळी शेवटी कधीतरी उघडायच्या. त्या अर्ध्या मिनिटात वाचून व्हायच्या.

हे सगळं मी डोळ्यांनी बघत होतो आणि तरीही मला त्यात फक्त फुकट गेलेली बारा मिनिटं दिसली. रखडलेलं काम बघितलं की माझे हात शिवशिवतात, त्याला मी तरी काय करू!

मुलीच्या डोहाळजेवणाला अप्पा आणि काकू चार दिवस सोलापूरला गेले. अंगणातल्या बेलाला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. मी सरळ लातूर गाठलं, मेमरीच्या नव्या पट्ट्या आणल्या, जुन्या काढून त्या बसवल्या आणि अठ्ठ्याण्णवचं विंडोजही घातलं. अप्पा कसे चकित होतील, या विचाराने मीच दोन दिवस खुशीत होतो.

रविवारी दादा आले. अप्पांनी बटण दाबलं. दादा खुर्चीत नीट बसतात न बसतात तोच पडदा उजळला. दीड मिनिट! इंटरनेटसाठी लावायचा फोनही पहिल्या फटक्यात लागला. उमेशचं पत्र समोर. दादांनी वाचलं, "बरा हाय म्हणतोय," म्हणाले आणि उठले.

काकू ओल्या हातांनी बाहेर आल्या. "भावजी, चुरमुरे आत्ताच भिजू घातलेत. बसा की."

"ऱ्हाऊ द्या. काम झालं की."

खरंच होतं. काम झाल्यावर नऊ वर्षं अबोला धरलेल्या भावाच्या घरी माणूस कोणत्या सबबीवर बसणार? दादा दारात चपला शोधत थोडे रेंगाळले आणि गेले. मी शाबासकीची वाट बघत उभा. अप्पांनी इरकलीचं आच्छादन उचललं, चारी कोपरे सारखे केले आणि माझ्याकडे न बघता दुकानात गेले.

पुढच्या रविवारी दादा उभ्या उभ्याच पत्र वाचून गेले.

सोमवारी सकाळी अप्पा माझ्या दारात आले. टोपी हातात. "सर, जुन्या पट्ट्या टाकून तर न्हाई दिल्या?"

"आहेत की. का हो?"

ते माझ्या खाटेवर बसले. टोपी फिरवत म्हणाले, "चौसष्ट लई होतेत आमाला. नऊ वर्सं तोंड बगितलं न्हाई एकमेकाचं. आता आटवड्याला बारा मिनिटं मिळत व्हती. तेवढ्यावर भागत व्हतं आमचं."

मला इतकी लाज वाटली की चहा विचारायचंही सुचलं नाही.

त्याच दिवशी शाळा सुटताना फाटकाशी शिवलिंगदादा उभे. आजवर माझ्याशी रस्त्यात बोललेले नव्हते. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "सर, ते मशीन पयल्यावानी होईल का?"

"आता तर पटकन चालतंय, दादा."

"पोरगं खुशाल हाय हे कळाया एक मिनिट लई झालं. पर..." त्यांनी पुन्हा इकडेतिकडे बघितलं. "त्याला सांगू नका, मी आलतो म्हनून."

मी कुणालाच काही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी नव्या पट्ट्या काढून जुन्या बसवल्या. विंडोज मात्र नवंच राहिलं, आणि त्या बिचाऱ्याला सोळा एमबी कशी पुरणार! यंत्र पहिल्यापेक्षा हळू झालं. चांगली अठरा मिनिटं.

रविवारी अप्पांनी बटण दाबलं. आतून घरघर सुरू झाली आणि पडदा काळाच राहिला. पाच मिनिटं गेली, सात गेली. दादांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची पुढे ओढून पाठ टेकून बसले. बटण दाबून उठताना अप्पांनी टेबलाचा आधार घेतलेला त्यांनी हेरला असावा.

"गुडघा दुखतोय का रं, मन्या?"

अप्पा बासष्ट वर्षांचे. ते गुडघा चोळत खाली बघत राहिले. मग म्हणाले, "दुखतोय की, दादा. लई दुखतोय."